मालवणच्या अभयारण्यात कोळंबी पकडलेली चालते का? आणि आपल्या सुकटीचं काय?

कडक_भाकरी

मंडळी, आधीच सांगतो, आपला आणि समुद्राचा संबंध बोंबील-सुकटीपुरता, त्यामुळं काय चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर घरची सगळी मालवणला गेलतो, गाडी करून, कोल्हापूरवरनं करूळ घाटातनं खाली. सिंधुदुर्ग किल्ल्यात जायला होडीत बसलो तर होडीवाला सांगायला लागला की हा सगळा भाग समुद्री अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहे, पाण्यात काय टाकू नका. बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला गेलो तर त्याच बाजूला दोघं तिघं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फेकजाळं टाकायलेत आणि पाटीत कोळंबी, अजून उड्या मारायलेली. मेव्हण्यानं जागेवरच किलोभर घेतली, रूमवाल्या काकूंनी कालवण करून दिलं, आणि खोटं नाही सांगत, आपण सोलापुरात बर्फातली आणून खातो ती कोळंबी नसतीच असं वाटायला लागलं.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. आमचं गाव माळढोकच्या पट्ट्यातलं. लहानपणी माळावर शेरडं नेली की कोणतरी हटकायचंच, "अभयारण्य आहे, तिकडं जाऊ नको". जमिनीचा व्यवहार म्हटलं की आमचे चुलते अजून कपाळावर हात मारतात. मग समुद्रातल्या अभयारण्यात जाळं टाकलेलं कसं चालतं? का तिथं पण चोरूनच चाललेलं असतं?

दुसरं म्हणजे मेव्हणा आता हट्टाला पेटलाय की तिथल्या लहान मच्छीमारांकडनं डायरेक्ट सोडे, सुकट आणायची आणि इथं पाकिटं करून विकायची. माझं म्हणणं, माल जर अभयारण्यातनं चोरून काढलेला असंल तर आपण त्यात कशाला पडायचं. आणि बायको म्हणती की सुकट म्हणजे कोळंबीची पिल्लंच की, एवढी एवढी पिल्लं खाऊन समुद्र रिकामा करायला निघालाय तुम्ही. आता ह्याला उत्तर काय द्यावं.

कुणाला खरं माहीत असंल तर सांगा. गुगल बघून सांगणाऱ्यांनी राहू द्या, ते मीही बघितलंय.

सात_रस्ता

सोलापुरात समुद्र कधी आला बे? इथं नळाला पाणी यायची बोंब.

तारकर्लीची_लेक

सात_रस्ता, नळाला पाणी नाही म्हणून मासे खायचे सोडलेत का तुम्ही?

कडक_भाकरी दादा, माझं माहेर तारकर्ली, सासर इथं विजापूर रोडला, अकरा वर्षं झाली. माझे बाबा आणि काका दोघं मासेमारीतलेच, त्यामुळं हे गुगलचं नाही, घरातलं आहे.

तुम्ही बघितलंत ते चोरून नव्हतं. पहाटे उजेडात, लोकांसमोर, गिऱ्हाईकाला विकत चोरी कोण करतं? ते पाग टाकत होते. पाग म्हणजे तुमचं फेकजाळं, गोल, कडेला शिशाच्या मण्या. एक माणूस, एक जाळं, आणि ज्या दिवशी सुंगटं मिळतील त्या दिवशी मिळतील. आमच्याकडे कोळंबीला सुंगटं म्हणतात. पाग टाकणारा खाडीच्या तोंडाला नाहीतर किनाऱ्यालगत उभा राहतो, भरती-ओहोटी बघून. पाणी गढूळ कधी, चांदणं किती, हे सगळं बघावं लागतं. माझा भाऊ इंजिनिअर झाला पण त्याला अजून पाग गोल उघडून टाकता येत नाही, बाबा हसतात त्याला.

आता अभयारण्याचं. ते जाहीर झालं १९८७ ला. एकूण २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात गाभा म्हणजे कोअर एरिया तीन चौरस किलोमीटरपेक्षा थोडा जास्त, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड येतो. बाकीचा बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. आमच्या घरी ह्याची गोष्ट अशी सांगतात की आम्हाला कळलं तेव्हा ते झालेलं होतं. कुणी येऊन विचारलं नाही की बाबांनो तुम्ही इथं कुठल्या महिन्यात कुठलं जाळं टाकता. त्यामुळं गावात अभयारण्य हा शब्द काढला की म्हातारे माणसं अजून तापतात. विरोध एवढा झाला की मासेमारी पूर्ण बंद कधी झालीच नाही. कागदावर अभयारण्य आणि पाण्यात मासेमारी, असं इतकी वर्षं चाललंय.

आणि खरा राग कुणावर आहे माहिती आहे का, पागवाल्यावर नाही. रात्री येणारे परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर, म्हणजे तळ खरवडत जाळं ओढणाऱ्या बोटी, पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्यानं माशांचा अख्खा थवा वेढून उचलणारे, आणि ते एलईडी लाईट लावून मासे गोळा करणारे. एलईडीची मासेमारी केंद्रानं २०१७ लाच बंद केली, पर्ससीनवर राज्यानं २०१६ ला बंधनं आणली, २०२१ ला दंड वाढवले, तरी काका म्हणतात रात्री समुद्रात बघितलं की गणपतीची रोषणाई. एका रात्रीत ते जेवढं उचलतात तेवढं आमच्या वाड्यातली पाग वर्षभरात उचलत नसेल. हे काकांचं गणित आहे, मी मोजायला गेले नव्हते.

अजून एक. किल्ल्याभोवती स्कुबा आणि स्नॉर्कलिंगच्या होड्या तुम्ही बघितल्याच असतील. रोज नांगर टाकायचा, रोज काढायचा. प्रवाळावर नांगर पडला की काय होतं ते पागेनं होत नाही. आता त्यातले निम्मे होडीवाले आमचेच भाऊबंद आहेत, त्यामुळं जास्त बोलत नाही.

कडक_भाकरी

ताई एक नंबर माहिती. पण "चाललंय" आणि "चालतं" ह्यात फरक आहे ना. कायद्यानं काय?

काळा_कोट_बार्शी

हा फरक विचारलात ते बरं केलंत, आमचं पोट त्यावरच आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात अभयारण्य वेगळं आणि राष्ट्रीय उद्यान वेगळं. राष्ट्रीय उद्यानात लोकांचे हक्क जवळजवळ संपतात. अभयारण्यात तसं नाही, तिथं आधीपासूनचे हक्क तपासून काही चालू ठेवता येतात. आपल्या माळढोक अभयारण्यात लोक राहतात, ज्वारी पेरतात, शेतं कसतात, ते ह्याच्यामुळेच.

आता गंमत बघा. कायद्यात "प्राणी" शब्दाची व्याख्या आहे, ती २००२ च्या दुरुस्तीत वाढवली, त्यात मासे आणि अपृष्ठवंशी प्राणी पण घातले. म्हणजे नुसतं व्याख्येवर गेलं तर कोळंबी हा वन्यजीव झाला, आणि अभयारण्यातनं वन्यजीव काढायचा म्हणजे कलम २९ खाली परवानगी पाहिजे. एवढंच वाचून एखादा म्हणेल की सगळे पागवाले गुन्हेगार.

पण कलम २६अ पण वाचावं लागतं. हे १९९१ ला घातलं. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर नौदलाच्या जलसर्वेक्षण प्रमुखांशी बोलून हद्द ठरवायची आणि ती ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायची पुरेशी व्यवस्था करायची, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मालवणचं अभयारण्य जाहीर झालं १९८७ ला, म्हणजे ह्या कलमाच्या चार वर्षं आधी. ताईंच्या घरचे म्हातारे उगाच तापत नाहीत.

ह्याशिवाय राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, तो मत्स्य विभाग चालवतो. कुठली बोट किती खोलीच्या आत यायची नाही, जाळ्याची आस म्हणजे भोक किती मोठं, कुठले महिने बंद, हे त्याच्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, बिगरयांत्रिकी पारंपरिक होडीला त्यातनं सूट. म्हणजे एकाच पाण्यावर दोन खाती, एक वनखातं एक मत्स्य, आणि दोघांची पुस्तकं वेगळी. मधल्या फटीत मच्छीमार उभा.

माळढोकचं म्हणाल तर, १९७९ ला जाहीर झालं तेव्हा क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर दोन्ही जिल्ह्यांत. गावंच्या गावं, तालुक्याची ठिकाणं सुद्धा आत. नंतर सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन ते १,२२२ वर आणलं. मालवणच्या साधारण २९० पट क्षेत्र होतं ते! त्यामानानं मालवण म्हणजे रुमाल. तरी भांडण दोन्हीकडं सारखंच, की रेघ मारताना विचारलं कुणाला.

कडक_भाकरी

वकीलसाहेब, सगळं वाचलं, दोनदा वाचलं. चालतं की नाही?

काळा_कोट_बार्शी

वकिलाला हो की नाही विचारताय? बरं सांगतो. तिथला स्थानिक माणूस, नोंदणी असलेली होडी नाहीतर हातातली पाग, बफरमध्ये, संरक्षित यादीतला जीव नाही, तर त्याला कुणी गुन्हेगार म्हणणार नाही. कोअरमध्ये, किल्ल्याच्या खडकाला लागून, तिथं मात्र मी माझ्या अशिलाला जा म्हणणार नाही. आणि तुम्ही तर विकत घेणारे. पावती घ्या, कुणाकडनं घेतलं ते लिहून ठेवा. मालकाकडं बोटीचा नंबर असतो, आयएनडी एमएच करून सुरू होतो, तो बिलावर टाकायला लावा. फी नंतर, सोड्यात.

सुकट_बोंबील_पेढी

मालक, वाचून हसावं का रडावं कळंना. आमची तिसरी पिढी सुक्या मासळीत, जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांना माल जातो. तुम्ही ज्या सुकटीवरनं घरात भांडायलाय ती मालवणची नाहीच.

सोलापुरात येणारी सुकट म्हणजे बहुतेक जवळा. जवळा मिळतो मुख्यतः उत्तरेला, रायगड, मुंबई, पालघर आणि पुढं गुजरातला जाफराबादकडं. तिथं डोल जाळी लावतात. डोल म्हणजे मोठ्ठी पिशवी, समुद्रात खुंट्यांना नाहीतर नांगराला बांधून ठेवायची, तोंड प्रवाहाकडं, भरती-ओहोटीचं पाणी आत शिरतं आणि माल मागं शेपटाला जमतो. बोट ओढत नाही, पाणीच आणून देतं. बोंबील पण त्याच्यातच. मालवणकडं रापण, पाग, तिथं जवळ्याचा एवढा ढीग पडतच नाही. त्यामुळं तुमच्या ताटातली सुकट अभयारण्यातली असायची शक्यता फार कमी. सोडे वेगळे. सोडे म्हणजे कोळंबी ताजी असताना सोलून वाळवलेली, ते कोकणात घरोघरी करतात, महाग असतात, आणि मेव्हण्याला करायचंच असेल तर धंदा त्यातच आहे, सुकटीत नाही.

आणि वहिनींना सांगा, जवळा हे कोळंबीचं पिल्लू नाही. ती जातच वेगळी. म्हातारा झाला तरी जवळा दोन-तीन सेंटिमीटरचाच. माणसाला वाटतं बारीक म्हणजे पिल्लू. मग बारीक मिरची काय ढोबळीचं पिल्लू का?

सात_रस्ता

ढोबळीचं पिल्लू 😂😂 हे मी घरी वापरणार

प्राणीशास्त्र_मास्तर

पेढीवाल्यांचं उत्तर बरोबर आहे, थोडी भर घालतो, रिटायर झालोय त्यामुळं वेळ आहे.

जवळ्याचं शास्त्रीय नाव अॅसिटिस, रायगडकडं त्याला कोलीम पण म्हणतात. आयुष्य महिन्यांत मोजायचं, पैदास प्रचंड. बोंबील, घोळ, पापलेट, कितीतरी मासे त्याच्यावर जगतात, म्हणजे तो समुद्राची ज्वारी म्हणा. ज्वारी खाल्ल्यानं पाप लागत नाही, पण सगळी ज्वारी माणसानंच खाल्ली तर पाखरानं काय करायचं, एवढा प्रश्न राहतोच.

वहिनींची शंका जवळ्याला लागू नाही, पण खऱ्या कोळंबीला लागू आहे. पांढरी कोळंबी, टायगर वगैरे ज्या मोठ्या जाती, त्यांची मादी बाहेर समुद्रात अंडी घालते, एकेक मादी लाखांनी. त्यातनं निघालेली सुईच्या टोकाएवढी पिल्लं प्रवाहाबरोबर किनाऱ्याला येतात, खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळांत, गवतात, उथळ मचूळ पाण्यात दोन-चार महिने वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. म्हणजे खाडी ही त्यांची बालवाडी. त्यामुळं अभयारण्याचा विचार करताना फक्त प्रवाळ न बघता खाडीचं तोंड, कांदळवन हे बघायला पाहिजे. तिथं बारीक आसाचं जाळं आडवं लावलं तर तुम्ही बालवाडीच्या गेटवर उभं राहून पोरं उचलायलाय.

सुंदरबनचं उदाहरण देतो. तिथं बागदा म्हणजे टायगर कोळंबीच्या शेततळ्यांसाठी पिल्लं लागायची, त्याला ते "मीन" म्हणतात. हजारो बाया, पोरं, छातीएवढ्या पाण्यात मच्छरदाणीसारखी जाळी ओढत चालायच्या. मगरी, शार्क, खारं पाणी, सगळं अंगावर घेऊन. किनाऱ्यावर येऊन टायगरची पिल्लं पांढऱ्या ताटलीत निवडायची आणि बाकीचे मासे, खेकडे, दुसऱ्या कोळंब्या, सगळं वाळूवर फेकून द्यायचं. एका पिल्लामागं दुसरी किती तरी मरायची. आता ह्या बायांपेक्षा लहान मच्छीमार कोण असणार सांगा? होडी सुद्धा नाही. तरी नुकसान मोठं. त्यांना गुन्हेगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण "लहान आहे म्हणून निरुपद्रवी" असंही म्हणवत नाही.

भीमाकाठ_केत्तूर

मास्तर बरोबर बोलले. मी समुद्र बघितलेला नाही, उजनी बघितली आहे. आमचं घर भोयाचं, धरण १९८० ला झालं, तेव्हापासनं बापानं आणि आता मी त्याच पाण्यात जाळं टाकतो.

तारकर्लीच्या ताईंचा राग समजतो पण एक सांगतो, लहान माणूस म्हणजे लहान जाळं नसतं. आमच्याकडं वडाप नावाचं जाळं चालतं, बारीक आसाचं, त्याच्यात बोटाएवढं मासं सुद्धा सुटत नाही. सरकार मत्स्यबीज सोडतं, रोहू, कटला, मृगळ, आणि ते वाढायच्या आत वडापवाला काढून सुकत घालतो. कोण आहे वडापवाला? कुणी मोठा शेठ नाही हो. एक होडी, नवरा बायको, कधी बाहेरनं आलेली टोळी. पोट सगळ्यांना आहे. पण त्या पोटापायी आज जाळ्यात चिलापी सोडून काय येत नाही. पूर्वी वाम, शिंगाडा मिळायचा, आता मिळाला तर फोटो काढतो. चिलापीचं खापर सगळं वडापवर फोडत नाही, ती मुळात हावरी जात आहे, शिवाय पाणी पण घाण झालंय. पण बारीक जाळ्यानं हातभार लावला.

त्यामुळं पाग, रापण ठीक आहे, ते जाळं माणसाच्या ताकदीएवढंच ओढतं. पण तुमच्या खाडीत बारीक आसाचं कुणी लावत नाही का, खरं सांगा ताई.

तारकर्लीची_लेक

लावतात. खोटं कशाला बोलू.

खाडीत बारीक जाळी लावून ठेवणारे आमच्याकडं पण आहेत, आणि गावातच त्यावरनं भांडणं होतात. बाबा तर त्यांच्याशी बोलत नाहीत, एका घराशी बारा वर्षं बोलणं बंद आहे, लग्नाला पण गेलो नाही. पण दादा, ते भांडण गावानं गावात केलं तर माणूस ऐकतो. बाहेरनं बोर्ड आणून लावला की "येथे मासेमारी करू नये", तर बारीकवाला आणि पागवाला एकाच बाजूला उभे राहतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रापणीचं सांगायचं राहिलं. रापण म्हणजे शेकडो फूट लांब जाळं, होडीतनं अर्धगोल सोडत जायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरनं माणसांनी ओढायची. चाळीस पन्नास माणसं लागतात. ज्यानं दोरीला हात लावला त्याला वाटा. विधवा बाई आली, तिनं दोरी धरली, तिला वाटा. शाळेतली पोरं आली, त्यांना पेडव्याची पिशवी. मी कॉलेजच्या सुट्टीत ओढलेली आहे, हाताला फोड येतात. त्यात बांगडा, तारली, कधी सुंगटं. पर्ससीन आल्यावर रापणी ओस पडायला लागल्या कारण मासा किनाऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच वर उचलला जातो. कितीतरी रापण संघ नावालाच राहिलेत. अभयारण्य वाचवायचं म्हणता ना, तर त्या २९ चौरस किलोमीटरमध्ये काय पोहत येणार हे बाहेर ठरतं.

प्राणीशास्त्र_मास्तर

ताई, शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

ट्रॉलचं पण थोडं सांगतो कारण कोळंबी आणि ट्रॉल ही जोडी आहे. कोळंबी तळाशी राहते, म्हणून तळ खरवडत जाणारं जाळं. आपल्याकडं १९५० च्या दशकात केरळात नॉर्वेच्या मदतीनं प्रकल्प झाला, तिथनं यांत्रिक बोटी आणि ट्रॉल पसरत गेलं, परदेशात कोळंबीला भाव होता. कोळंबीबरोबर तळाचं जे येतं ते सगळं येतं, पिल्लं, शंख, समुद्री साप, कासवं. कासव जाळ्यात अडकलं की श्वास घ्यायला वर येता येत नाही, बुडून मरतं. म्हणून जाळ्याला एक झडप बसवतात, कासव त्यातनं निसटतं, कोळंबी मागं राहते. आपल्या कोचीच्या संस्थेनं, सीआयएफटीनं, आपल्या बोटींसाठी तशी झडप बनवलेली पण आहे. बोटवाले बसवायला कुरकुरतात, म्हणतात मालपण निसटतो. आणि अमेरिकेनं ह्याच कारणावरनं आपली समुद्रातली पकडलेली कोळंबी घ्यायचं बंद केलं, तळ्यातली घेत राहिले.

ओडिशाला गहिरमाथा समुद्री अभयारण्य १९९७ चं. ऑलिव्ह रिडले कासवांसाठी १ नोव्हेंबर ते ३१ मे, किनाऱ्यापासून वीस किलोमीटरपर्यंत मासेमारी बंद. सात महिने! ट्रॉलरवाला दुसरीकडं जाऊ शकतो. साध्या होडीवाल्यानं सात महिने काय करायचं, हे तिथलं जुनं दुखणं आहे.

आपल्या राज्यात एक गोष्ट बरी झाली. जाळ्यात कासव, व्हेल शार्क असं काही अडकलं आणि मच्छीमारानं जाळं कापून सोडलं, फोटो-व्हिडिओ पाठवला, तर जाळ्याची भरपाई मिळते, २५ हजार रुपयांपर्यंत. २०१८ ला वनखात्यानं आणि मत्स्य विभागानं मिळून सुरू केलं.

तारकर्लीची_लेक

हो मिळते. काकांच्या ओळखीत एकाला मिळाली. वेळ लागला पण मिळाली.

भीमाकाठ_केत्तूर

जाळं कापायचे पैसे मिळतात हे पहिल्यांदा ऐकलं. आमच्या जाळ्यात मगर आली तर?

सात_रस्ता

मगर आली तर पैसे मगरीला मिळतील

कडक_भाकरी

मंडळी, सगळं बायकोला वाचून दाखवलं. ढोबळी मिरचीपर्यंत ठीक होतं, मास्तरांची बालवाडी आल्यावर म्हणाली बघा मी म्हणत होते. म्हणजे अर्धी ती जिंकली अर्धा मी.

मेव्हण्याशी पण बोललो. सुकटीचा नाद सोडला, ती पेढीवाल्यांकडनंच घेऊ. सोड्यांचं करून बघू म्हणतोय, पण थोडं, दहा-बारा किलोपासनं. ताई, तुमच्या ओळखीत कुणी सोडे करणाऱ्या बाया असतील तर कळवा. अट एकच, पागेची नाहीतर रापणीची सुंगटं पाहिजेत, खाडीतल्या बारीक जाळ्याची नकोत, आणि किल्ल्याच्या खडकाची तर नकोच. पाकिटावर जाळ्याचं नाव छापायचं डोक्यात आहे. "पागेचे सोडे". मेव्हणा म्हणतो सोलापुरात पाग कुणाला कळतंय. म्हटलं आता इथं सहा जणांना तरी कळतंय.

तारकर्लीची_लेक

माझी आतेच करते. पण दादा, पागेची सुंगटं रोज मिळत नाहीत, दहा किलो सोडे म्हणजे ओली किती लागतील ह्याचा विचार करा, सोलून वाळवून हातात थोडेच राहतात. महिना दीड महिना थांबायची तयारी ठेवा, आणि भाव विचारून दचकू नका. मुंबईचे लोक आधीच नंबर लावून बसलेले असतात. अमावस्या-पुनवेच्या भरतीनंतर फोन करा, आधी केलात तर आते शिव्या घालेल, मालवणीत घालेल, तुम्हाला कळणार पण नाहीत.

सुकट_बोंबील_पेढी

मालक, दोन गोष्टी. एक, खाद्यपदार्थ पाकिटात विकताय तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेवाल्या सरकारी खात्याची, नोंदणी करून घ्या आधी, छापायचं नंतर. दोन, सोडे घेताना मुठीत दाबून बघा. चिकटले तर ओले आहेत, पावसाळ्यात बुरशी धरणार. कडकड वाजले पाहिजेत. फार लालभडक दिसले तर हात मागं घ्या, रंग मारलेला असतो. आणि आल्यावर इथल्या एप्रिलच्या उन्हात एक दिवस घाला पत्र्यावर, सोलापूरचं ऊन फुकट जातंय नाहीतरी. मांजर बघा फक्त.

काळा_कोट_बार्शी

माझी फी अर्धा किलो. पावतीसकट.

सात_रस्ता

एसटीत आणू नका म्हणजे झालं. मागं एकदा माझ्या मामानं रत्नागिरीवरनं सुकं बोंबील आणलतं, सांगोल्यात कंडक्टरनं पिशवीसकट मामाला मागच्या सीटवर बसवलं, मोहोळपर्यंत सगळी गाडी खिडक्या उघडून.